बुटक्याची जागा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या भिंतीवर वडिलांनी काळ्या ऑइलपेंटने झारा, डाव, उलथणं, सांडशी आणि कात्री यांचे आकार रंगवले होते. प्रत्येक आकारावर एक खिळा. वस्तू वापरून झाली की ती तिच्या आकारावर लागलीच पाहिजे. जेवणं उरकली की वडील त्या भिंतीसमोर उभे राहायचे, मग चमच्यांचा डबा पालथा करून मोजायचे. चमचा कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी अंथरुणावर पडायचं नाही. खरकट्यात हात घालून चमचा शोधणारी आई मला अजून दिसते. इतर घरांत मुलांना गणितात नापास झाल्याबद्दल मार बसायचा, आम्हा भावंडांना तो चमच्यापायी बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्या भिंतीचं फार कौतुक. "काय शिस्त आहे हो तुमच्याकडे," असं म्हणायचे आणि आपापल्या बेशिस्त घरी जाऊन सुखाने झोपायचे.

ही शिस्त विमानातून घरात आली होती. वडील शहराच्या उत्तर टोकाला एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. तो कारखाना आता नाही. तिथे भिंतीवर हत्यारांचा मोठा फळा होता आणि प्रत्येक हत्याराचा आकार त्यावर रंगवलेला होता. प्रत्येक फिटरकडे आपला नंबर कोरलेले पितळी बिल्ले असत. हत्यार घेतलं की त्याच्या खिळ्यावर आपला बिल्ला टांगायचा. काम झालं की हत्यार फळ्याखालच्या ट्रेमध्ये ठेवायचं. फळा सांभाळणाऱ्याने ते हातात घेऊन बघायचं, खिळ्यावर टांगायचं आणि मगच बिल्ला परत द्यायचा. म्हणजे खिळ्यावर एक तर हत्यार असणार, नाहीतर बिल्ला. दोन्ही नसलं तर विमान जमिनीवरच राहणार, कारण हरवलेलं हत्यार त्याच्या पोटात असू शकतं, आणि उडत्या विमानात सुटं लोखंड कुठे जाऊन अडकेल याचा नेम नसतो.

मी सहावीत होते त्या वर्षी एका संध्याकाळी एका खिळ्यावर दोन्ही नव्हतं. ती जागा आखूड दांड्याच्या एका स्क्रू-ड्रायव्हरची होती. त्याला सगळे बुटका म्हणत. बुटका वडिलांनी घेतला होता आणि त्याचा बिल्ला वडिलांच्या खिशात परत आलेला होता. त्या दिवशी फळा सांभाळत होते ते वडिलांचे जिवलग मित्र. आमच्याच लायनीत दोन घरं सोडून राहायचे, मी त्यांना काका म्हणायचे. सुटीच्या घाईत वडील लांबूनच म्हणाले, "ठेवला," आणि काकांनी ट्रेमध्ये न बघता खिळ्यावरचा बिल्ला काढून त्यांच्याकडे फेकला. दोघं दहा वर्षं एका डब्यात जेवत होते. ठेवला म्हणाला म्हणजे ठेवला, त्यात बघायचं काय?

तीन दिवस त्या विमानाचे पत्रे उघडून शोधाशोध झाली. बुटका मिळाला नाही. वडिलांनी चौकशीत लिहून दिलं की मी तो ट्रेमध्ये ठेवला. काकांनी जे खरं तेच सांगितलं, की ठेवताना मी बघितलं नाही. काकांना ताकीद मिळाली. वडिलांना विमानाच्या कामावरून काढलं आणि गोदामात बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथे ताडपत्र्या आणि दोरखंडं मोजत होते. विमानाला त्यांचा हात पुन्हा लागला नाही. ज्या माणसाला उड्डाणाच्या आवाजावरून कुठलं इंजिन कुरकुरतंय ते कळायचं, तो माणूस ताडपत्र्या मोजू लागला. मग घरी येऊन चमचे मोजू लागला.

वडिलांनी स्वतःपुरता निकाल लावून टाकला. बुटका आपण ठेवला, म्हणजे तो ट्रेमधून गेला, म्हणजे फळा ज्याच्याकडे होता त्यानेच तो नेला. काकांशी बोलणं संपलं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे जाईना, त्यांच्याकडून आलेला परत गेला. वर्षभरात आम्ही ती लाईनही सोडली. काकांची मुलगी माझ्या वर्गात होती, आम्ही एका बाकावर बसायचो. मला बाक बदलायला लावला. त्या बाकाचं मला अजून वाईट वाटतं, आणि वडिलांना ते कधी ठाऊकही नव्हतं.

आई गेली त्याला आता चार वर्षं होतील. शेवटच्या आजारात एका दुपारी मी तिची वेणी घालत होते तेव्हा ती म्हणाली, "बुटका यांच्या खिशात होता." उजव्या मांडीवरच्या खिशात. चौकशीच्या दुसऱ्या दिवशी कामावरची डांगरी धुवायला काढली तेव्हा तिला तो सापडला. वडील तोवर लिहून देऊन आले होते. "दिला असता हातात, तर हे तसेच उठून साहेबाच्या टेबलावर ठेवून आले असते. आणि वर खोटं लिहून दिलं म्हणून नोकरीच गेली असती. तुम्ही दोघं शाळेत होतात," आई म्हणाली. तिने बुटका त्याच फाटक्या डांगरीत गुंडाळला, आणखी चार जुने कपडे घातले आणि गाठोडं बोहारणीला देऊन टाकलं. त्या बदल्यात बोहारणीने स्टीलचा एक डाव दिला. तोच डाव पुढे भिंतीवरच्या काळ्या आकारावर टांगला जायचा, आणि वडील तो रोज मोजायचे.

मी आईला विचारलं, हे मला कशाला सांगतेस? "म्हटलं, कुणाला तरी माहीत असावं." एवढं बोलून तिने डोळे मिटले. तिचं ओझं उतरलं. मला तिचा इतका राग आला की पुढचे दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, आणि तिच्याकडे उरले होते अवघे अकरा दिवस.

आई गेल्यावर वडील माझ्याकडे वारज्याला राहायला आले. आता वय शहाऐंशी, कान तल्लख, गुडघे गेलेले. माझ्या स्वयंपाकघराची भिंत त्यांना रंगवू दिली नाही, एवढी एकच लढाई मी जिंकले. चमचे मात्र मोजतात. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी पेपर माझ्यासमोर धरला. शहराबाहेरच्या एका विमान-संग्रहालयात जुनी विमानं पुन्हा उभी करण्याचं काम चालू आहे अशी बातमी होती. फोटोत पत्रे काढलेलं एक दोन पंख्यांचं मालवाहू विमान होतं आणि शेपटीवर पुसट नंबर दिसत होता.

"हे तेच आहे," वडील म्हणाले. "पूर्ण उघडलंय. मला बघायचंय."

"ट्रॅफिक फार असतं हो बाबा त्या रस्त्याला."

"मी ट्रॅफिक बघायला चाललेलो नाही."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. टेबलावर आम्ही दोघंच होतो, घरात दुसरं कुणी नव्हतं. पण मी म्हणाले, मंगळवारी जाऊ, मंगळवारी मला वेळ आहे.

विश्रांतवाडी मागे टाकून आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात टॉर्च घेतला होता. हँगर म्हणजे पत्र्याचं प्रचंड छप्पर. आत उकाडा, जुना रंग उतरवायच्या औषधाचा डोळ्यांत झोंबणारा वास आणि वर छपराच्या कैच्यांवर कबुतरं. मधोमध ते विमान जॅकवर चढवलेलं होतं. पंख काढून बाजूच्या लाकडी घोड्यांवर आडवे ठेवले होते आणि खाली कापसाच्या जुन्या गाद्या घातल्या होत्या. पोटाचे पत्रे उतरवलेले होते, आतल्या फासळ्या, तारा, नळ्या सगळं उघडं. जमिनीवर पत्रे ओळीने मांडलेले आणि त्यांवर खडूने आकडे. मला ते बघवेना. ज्याच्यापायी आमचं घर असं झालं ते हे, आणि आता लोक तिकीट काढून त्याच्याबरोबर फोटो काढणार होते.

तिथलं काम बघणारी इंजिनिअर मुलगी पंचविशीची असेल. तिने वडिलांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"आजोबा, तुम्ही ह्याच एअरक्राफ्टवर काम केलंय? सीरियसली?" ती म्हणाली. "मग तुमचा इंटरव्ह्यू घ्यायलाच पाहिजे. आमच्याकडे ह्याची हिस्टरीच नाहीये."

"हिस्टरी नंतर," वडील म्हणाले. "आत काय काय सापडलं?"

तिने एक स्टीलचं ताट आणलं. विमान उघडताना फटीफटींतून जे निघालं ते त्यात ठेवलं होतं. पेन्सिलीचं थोटूक, दात तुटलेला कंगवा, पाच पैशांचं चौकोनी नाणं, सेफ्टी पिन, रबरी चकत्या, चिमणीच्या घरट्याचं गवत, गोळीचा चुरगळलेला कागद. वडिलांनी चष्मा पुसला आणि एकेक वस्तू उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. ताट रिकामं झालं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग ते तीन पायऱ्यांच्या लाकडी घोड्यावर चढायला लागले. मी एका बाजूने धरलं, त्या मुलीने दुसऱ्या. शहाऐंशी वर्षांचा माणूस विमानाच्या पोटात डोकं घालून टॉर्च फिरवत होता, आणि मी त्याच्या पिंढऱ्या धरून उभी होते. त्या काठीसारख्या झाल्या होत्या. जे तिथे नाही हे मला ठाऊक होतं ते त्यांना मी शोधू देत होते. मला स्वतःची शिसारी आली.

ते खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "नाही," ते म्हणाले. "आत नाही. मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो."

तेवढ्यात समोरच्या भिंतीजवळून कुणीतरी म्हणालं, "म्या बी तेच बगितलं. हितं आल्याच्या पयल्या दिशीच."

फळा होता तिथे. हुबेहूब तसा फळा, हत्यारांचे काळे आकार, खिळे, पितळी बिल्ले. आणि त्याच्या खाली स्टुलावर काका बसले होते. मी त्यांना चाळीसहून अधिक वर्षांनी बघत होते. ऐंशीचे झाले असतील, डोक्यावर टोपी. मंगळवार-शुक्रवारी ते इथे फुकट मदतीला येतात, हा फळा त्यांनीच बसवून घेतला, हे त्या मुलीने सांगितलं. "आम्हाला आधी फनी वाटलं. पण काका ऐकतच नाहीत. बिल्ल्याशिवाय पान्ना मिळत नाही." कारखाना ज्या गावच्या जमिनीवर उभा राहिला तिथलेच काका. त्या गावाचं आता नावच तेवढं उरलंय, बाकी सगळ्या सोसायट्या.

वडील त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. नमस्कार नाही, काही नाही.

"विमानात नाही," वडील म्हणाले.

"न्हाय."

"म्हणजे मी ट्रेमध्ये ठेवला होता."

काकांनी टोपी सरळ केली.

"फळा कुणाकडे होता?"

"माझ्याकडं."

"मग?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली वळवली. हा क्षण मी नंतर इतक्यांदा आठवलाय की आता त्यात काही बदलता येईल असं वाटायला लागतं. एक वाक्य पुरलं असतं. बाबा, तो तुमच्या खिशात होता. सात-आठ शब्दसुद्धा नाहीत. मी मूग गिळून उभी राहिले.

"मग मीच न्हेला आसंल," काका म्हणाले.

"असेल नको. नेला की नाही?"

"न्हेला."

"कशाला?"

"घरी शिवनाच्या मशिनीचा स्क्रू निघंना. म्हनलं, सकाळी आनून लावू. सकाळी आलो तर झडती सुरू. भ्यालो."

इतकं नीट सांगितलं की घटकाभर माझाही विश्वास बसला. मग आठवलं. त्यांच्या घरी शिवणयंत्र नव्हतं. त्यांची बायको पोलकी शिवायला आमच्याकडे यायची, आईच्या मशिनवर. वडिलांना ते माहीत होतं, बाहेरच्या खोलीत मशिन असायचं आणि त्याचा आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. पण त्यांनी ते आठवू दिलं नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

"चाळीस वर्षं," वडील म्हणाले. मग वळून त्या मुलीला विचारलं, "इथे चहा मिळतो का?"

दोघांनी समोरासमोर बसून चहा घेतला. गुडघ्यांवर बोलले, मोतीबिंदूवर बोलले. वडिलांनी आपल्या पुड्यातलं बिस्किट काकांना दिलं. बघणाऱ्याला वाटावं की काय हा जिव्हाळा. त्या मुलीने त्यांचा फोटोसुद्धा काढला.

मी गाडी दाराशी आणायला गेले तेव्हा काका मागून आले. ते हळू चालत होते म्हणून मी थांबले.

"लई खंगलाय गं," ते म्हणाले. "म्हनलं, जाऊ दे. आता काय राह्यलंय आपलं दोघांचं." मग, "खरं सांग. घरी कवा घावला का गं?"

"नाही," मी म्हणाले.

हे का म्हणाले याची मी स्वतःला बरीच कारणं दिली आहेत. आईने विश्वासाने सांगितलं होतं. वडिलांचं वय झालंय. खरं कळलं तर ते कोसळतील. ही सगळी कारणं सभ्य आहेत आणि एकही खरं नाही. खरं एवढंच की त्या दुपारी वडील पहिल्यांदा आनंदात होते आणि मला त्यांच्या आनंदाची इतकी सवय नव्हती की तो मोडायला मी घाबरले. आयुष्यभर घाबरलेच आहे, त्यात आणखी एक दिवस. आणि काका परके होते. परक्याच्या डोक्यावर ठेवलं की आपल्या घरात शांतता राहते, हे मी आईकडून शिकले होते.

गाडी संगमवाडीच्या पुलावर आली तेव्हा वडील म्हणाले, "मी त्याला माफ केलं." मी गिअर बदलला. "माणूस वाईट नव्हता. भित्रा होता," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी चमचे मोजले नाहीत.

पुढच्या मंगळवारी ते सकाळपासूनच तयार होऊन बसले. मग ते दर मंगळवारचं झालं. संग्रहालयवाल्यांनी त्यांना बसून करायचं काम दिलं, लहान झाकणांच्या स्क्रूंच्या खाचांतला जुना रंग खरवडून काढायचा. काकांकडून बिल्ल्यावर हत्यार घ्यायचं, झालं की परत करायचं. त्यांचे हात पूर्वीसारखेच शहाणे होते. दोन्ही हातांत झाकण धरून ते उजेडाकडे करायचे आणि बोट फिरवून बघायचे, तेव्हा माझा राग थोडा वेळ कुठे जायचा कळत नसे. या माणसाला आपण कधी बघितलंच नाही असं वाटायचं. विमानं दुरुस्त करून जो घरी यायचा तो मला पुसटसाच आठवतो. त्यानंतरचा मात्र पाठ आहे.

पण वडिलांना गोष्ट सांगायची हौस लागली. नवीन कुणी आलं, कॉलेजची मुलं प्रोजेक्टला आली, की वडील त्यांना बुटक्याची गोष्ट सांगायचे. फळा कसा, बिल्ला कसा, चौकशी कशी. आणि शेवटी काकांकडे हात करून, "हा. ह्याने नेला होता. शिवणयंत्रासाठी." मुलं हसायची, कारण एवढे म्हातारे, एवढी जुनी गोष्ट. "काका, काय तुम्ही पण," म्हणायची. काका मान हलवायचे. "चुकलं माजं," म्हणायचे. एकदा त्यांचा नातू त्यांना न्यायला आला होता. तो कुठल्याशा आयटी कंपनीत होता, कानात त्या पांढऱ्या गोळ्या. वडिलांनी त्यालाही गोष्ट सांगितली. नातवाने कानातली एक गोळी काढली आणि आजोबांकडे बघितलं. काकांनी मान हलवली. मी गाडीची किल्ली हातात फिरवत खिडकीपाशी उभी होते. त्या मुलासमोर तरी मला बोलता यायला हवं होतं.

आणि मग हा एप्रिलमधला मंगळवार. उकाड्यामुळे चारलाच काम आवरायचं ठरलं. सगळे आपापली हत्यारं ट्रेमध्ये टाकत होते. वडील हात पुसत होते. लांबूनच म्हणाले, "ठेवला रे." काका एका मुलाचा पान्ना टांगत होते. त्यांनी मागे न बघता खिळ्यावरचा बिल्ला काढला आणि वडिलांकडे टाकला. वडिलांनी तो झेलला. इतक्या सहज की दोघांचेही हात अजून त्याच दिवसात असावेत.

हत्यारं टांगून झाली. काकांनी ट्रे उपडा केला, मग फळ्याकडे बघितलं. एका खिळ्यावर दोन्ही नव्हतं.

मी फळ्याजवळच होते. आम्ही दोघांनी एकदमच वडिलांकडे बघितलं. ते खुर्चीवर बसून बशीतला चहा पीत होते आणि त्यांच्या उजव्या खिशातून आखूड दांड्याच्या स्क्रू-ड्रायव्हरची पिवळी मूठ बाहेर आली होती. जगातला प्रत्येक चमचा मोजणाऱ्या या माणसाने स्वतःचा खिसा कधी तपासला नाही.

काका बराच वेळ तिकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय दिसलं मला माहीत नाही, पण त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं.

"तुला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"कवापास्नं?"

"आई गेली तेव्हा. तिने सांगितलं."

त्यांनी मान हलवली. मुलांसमोर हलवायचे तशीच. "आन् मला बोलू दिलंस," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "माज्या नातवासमूर बी."

काका वडिलांजवळ गेले आणि हात पुढे केला. "बुटका द्या."

वडिलांनी खिशात हात घातला आणि बाहेर काढला तो बुटका. तळहातावर धरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता त्यांना डांगरीचा खिसा आठवेल, तो मंगळवार होता की बुधवार ते आठवेल, चमचे आठवतील. मला ते हवं होतं. मी सांगायला नको, त्यांना आपोआप कळू दे, अशी मी त्या खुर्चीसमोर प्रार्थनाच केली म्हणायला हरकत नाही. वडिलांच्या कपाळाला आठी पडली. मग ती गेली.

"विसरलो बघ," ते म्हणाले. हसले. इंजिनिअर मुलीकडे वळून म्हणाले, "विसरणं वेगळं आणि नेणं वेगळं. मी लगेच दिला की नाही परत?"

"येस आजोबा," ती म्हणाली.

काकांनी बुटका घेतला, फळ्यापाशी जाऊन खिळ्यावर टांगला आणि हात मागे घेऊन तो लागलाय की नाही ते नीट बघितलं. टोपी घातली. माझ्यासमोरून जाताना ते थांबले नाहीत.

पुढच्या मंगळवारी स्टूल रिकामं होतं. त्यापुढच्याही. शुक्रवारीही येत नाहीत असं ती मुलगी म्हणाली, फोन केला तर तब्येतीचं सांगितलं. मला त्यांचं घर माहीत आहे. जुनी लाईन पाडून तिथे इमारत झाली आहे, दुसऱ्या मजल्यावर ते राहतात. मंगळवारी येता-जाता ती इमारत लागते. मी गाडी हळू करते आणि पुढे जाते.

गेल्या मंगळवारी तिथे सिग्नल लागला. वडिलांनी काचेतून वर बघितलं.

"येत नाही तो आता," ते म्हणाले. "लाज वाटत असेल तोंड दाखवायची."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न दिला.

"असेल," मी म्हणाले.